चिप बसवली, पण नंबर कोणाचा?

वाचकाचे पत्र

आमच्या घरी टिप्या नावाचा सात वर्षांचा देशी कुत्रा आणि मनी नावाची मांजर आहे. यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी बिथरून टिप्या फाटकाखालून निसटला आणि तिसऱ्या दिवशी सुदामानगरात एका कुटुंबाकडे सापडला. गळ्यातला पट्टा वाटेत कुठेतरी पडला होता. त्या मंडळींनी त्याला फार मायेने सांभाळले, परंतु तो आमचाच आहे हे पटवून देताना मोबाइलमधले जुने फोटो काढून दाखवावे लागले. जर्मनीत असलेली मुलगी म्हणते, मायक्रोचिप बसवून घ्या, म्हणजे तो कुठे आहे ते फोनवर दिसेल; शिवाय पुढेमागे त्याला तिकडे न्यायचे झाले तर चिप लागतेच. यजमानांचे म्हणणे असे की, मुक्या जनावराच्या अंगात यंत्र घालणे हा अघोरीपणा आहे, त्यातून किरणे निघत राहतात, आणि एवढे करून आपल्या इंदुरात ती चिप वाचणार कोण? मनी तर घराबाहेर जातच नाही. टिप्याची रेबीजची वार्षिक लस डिसेंबरात आहे. काय करावे?

– एक वाचक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

टिप्या सुखरूप परतला, हे वाचून आधी बरे वाटले. दिवाळीच्या त्या दोन-तीन रात्रींत निसटलेले सगळेच प्राणी परत येत नाहीत, हे पशुवैद्य म्हणून मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की चिप बसवून घ्यावी. मात्र मुलीने सांगितलेल्या पहिल्या कारणासाठी नव्हे, आणि चिपच्या भरवशावर बाकीची व्यवस्था सोडून देऊन तर मुळीच नव्हे. यजमानांच्या तीन आक्षेपांपैकी दोन मला मान्य नाहीत, परंतु ‘वाचणार कोण’ हा त्यांचा तिसरा प्रश्न इतका रास्त आहे की माझे बहुतेक उत्तर त्याच्याच भोवती फिरणार आहे.

प्रथम मुलीचा गैरसमज दूर करू, कारण तो फार लोकांचा असतो. मायक्रोचिप कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ती काचेची बंद कुपी असते. तिच्यात तारेचे बारीक वेटोळे आणि एक सूक्ष्म चकती, एवढाच ऐवज. बॅटरी नाही, सिमकार्ड नाही, उपग्रहाशी काही संबंध नाही. स्कॅनर कातडीपासून काही सेंटिमीटरवर आणला की त्याच्या रेडिओलहरींतून त्या वेटोळ्याला क्षणभर वीज मिळते आणि चिप आपला पंधरा अंकी क्रमांक परत पाठवते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे बनवलेल्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर वाचल्या जातात, आणि त्यांच्या क्रमांकाचे पहिले तीन अंक एकतर देशाचे असतात (भारताचा संकेतांक ३५६) किंवा ९००च्या घरातले, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचे. स्कॅनर बाजूला केला की चिप पुन्हा मुकी. त्यामुळे यजमानांना ज्या किरणांची धास्ती वाटते ती तिच्यातून निघत नाहीत. आपल्या उशाशी रात्रभर असलेला मोबाइल त्या बाबतीत कितीतरी बोलका आहे. चिपमध्ये आपले नाव, पत्ता किंवा फोन यांपैकी काहीही साठवलेले नसते, हेही त्यांना सांगावे.

फोनवर ठिकाण पाहायचे असेल तर जीपीएसचा पट्टा वेगळा मिळतो. त्याला सिमकार्ड लागते, दर काही दिवसांनी चार्जिंग लागते, आणि मुख्य म्हणजे तो शेवटी पट्टाच असतो. टिप्याचा पट्टा गळून पडला तेव्हा जीपीएसही त्याच्यासोबत कुठल्यातरी गटाराच्या कडेला पडून राहिले असते. चिपचा खरा उपयोग आहे तो इथे. ती पट्ट्यासारखी गळून पडत नाही, कोणाला सोडवता येत नाही, आणि प्राण्याच्या आयुष्यभर टिकते.

आता तो पंधरा अंकी क्रमांक कशाच्या कामाचा, हे समजण्यासाठी आपल्या घरातली भांडी आठवावीत. लग्नकार्यात किंवा गणपतीच्या महाप्रसादाला दहा घरांची पातेली, पळ्या आणि तसराळी एकत्र होत, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याच्या घरी जात, कारण भांडे विकत घेतानाच दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घेतलेले असे. परंतु मंडळाच्या कपाटात अशीही चार-दोन पातेली कायम पडून असतात, ज्यांच्यावर ‘श. वि. जो.’ ही अक्षरे अगदी ठसठशीत कोरलेली आहेत, मात्र हे श. वि. जो. कोण आणि आता कुठे राहतात, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. चिपचेही नेमके असेच आहे. क्रमांक कातडीखाली सुरक्षित असतो. त्या क्रमांकापुढे आपले नाव आणि चालू फोन नंबर कुठेतरी लिहिलेला असावा लागतो, आणि ते लिहून ठेवण्याचे काम चिप स्वतः करत नाही.

अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांत आलेल्या, चिप असलेल्या ७,७०४ प्राण्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के प्राण्यांच्या मालकांचा शोध लागला. ज्यांचा लागला नाही, त्यांत सर्वांत मोठे कारण होते चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. म्हणजे सुई, चिप, स्कॅनर सगळे नीट चालले आणि अडले ते वहीतल्या एका ओळीपाशी. माझ्या दवाखान्यात एकदा एका रिक्षाचालकाने रस्त्यात सापडलेला लॅब्राडोर आणला होता. स्कॅनर खांद्यावरून फिरवताच आवाज आला, क्रमांक उमटला, आम्ही सगळे खूश झालो. नोंद शोधली तर ती निघाली पिल्लू विकणाऱ्याच्या नावावर. त्याला फोन केला तेव्हा त्याने सांगितले की, त्या वेतातली सगळी पिल्ले चार वर्षांपूर्वीच विकली गेली, आता कोण कुठले घेऊन गेले ते आठवत नाही. मालक पुढे सापडला, पण तो चिपमुळे नव्हे; त्याने चौकातल्या चहाच्या टपरीवर कुत्र्याचा फोटो चिकटवला होता म्हणून.

आपल्याकडे हा धोका अधिक आहे, कारण पाळीव कुत्र्या-मांजरांच्या चिपांची देशभराची एकच सरकारी नोंदवही नाही. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळे बिल्ले आपण पाहिले असतील. त्या क्रमांकांची नोंद केंद्र सरकारच्या पशुधनाच्या संगणकीय प्रणालीत होते. कुत्र्यांसाठी तसे काही नसल्यामुळे चिप विकणाऱ्या कंपन्यांच्या आणि इतर खासगी नोंदवह्या चालतात. म्हणून चिप बसवणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की क्रमांक कोणत्या नोंदवहीत, कोणाच्या नावाने, कोण नोंदवणार आहे. ‘आम्ही करून टाकू’ या उत्तरावर समाधान मानू नये. घरी आल्यावर त्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर आपण स्वतः क्रमांक टाकून पाहावा, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. चिपच्या पाकिटात बारकोड असलेले छोटे स्टिकर येतात. त्यांतला एक लसीकरणाच्या पुस्तिकेत आणि एक घरच्या फायलीत लावावा. खर्च दवाखान्यागणिक वेगळा असतो, आणि सांगितलेल्या रकमेत नोंदणी धरलेली आहे की नाही हे बहुतेक लोक विचारत नाहीत. आपण विचारावे.

आता यजमानांचा प्रश्न. इंदुरात चिप वाचणार कोण? खरे उत्तर असे की, सुदामानगरातल्या त्या कुटुंबाने ती वाचली नसती. त्यांच्याकडे स्कॅनर असण्याचे काही कारण नाही, आणि सापडलेल्या कुत्र्याला स्कॅन करण्यासाठी दवाखान्यात न्यावे, ही गोष्ट आपल्याकडे अजून अंगवळणी पडलेली नाही. वर सांगितलेले अमेरिकेतले आकडे जिथले आहेत, तिथे निवाऱ्यात प्राणी आला की स्कॅनर फिरवणे हा रोजचा रिवाज आहे. ते आकडे जसेच्या तसे इथे लागू होतील, असे मी म्हणणार नाही. म्हणून चिपच्या आधी करायची दोन कामे सांगतो.

पहिले, पट्टा. तो गळून पडला याचा अर्थ ढिला होता. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सरकतील इतकाच घट्ट असावा, आणि फटाक्यांच्या दिवसांत किंवा रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, गोंगाटात टिप्याला बाहेर न्यावेच लागले तर पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीची, रात्र आणि क्रिकेटचा सामना जिंकल्यावर राजवाड्यावर होणारा जल्लोष हेही त्याच यादीत धरावेत. आपल्या शहराला आवाज करायला निमित्त लागत नाही.

दुसरे, नावाची पाटी. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडून पितळेची रुपयाएवढी चकती कोरून घ्यावी. तिच्यावर कुत्र्याचे नाव नको, कारण त्याला नावाने हाक मारून कोणीही आपलासा करू शकतो. एका बाजूला दोन मोबाइल नंबर, आणि दुसऱ्या बाजूला ‘चिप आहे’ एवढे दोन शब्द. या दोन शब्दांमुळे कुत्रा सापडलेला माणूस दवाखान्याचा विचार करतो, आणि ज्याला तो ठेवून घ्यायचा आहे तोही थोडा थबकतो.

टिप्या देशी आहे, ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढतो. गळ्यात पट्टा नसलेला लॅब्राडोर रस्त्यात दिसला तर लोक म्हणतात, कोणाचा तरी हरवलाय. पट्टा नसलेला देशी कुत्रा दिसला तर कोणी काहीच म्हणत नाही. तो कोणाचा तरी आहे हे कोणाच्या मनातच येत नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे होते आणि खूण म्हणून त्यांच्या कानाला खाच पाडली जाते. टिप्यासारखा कुत्रा तीन दिवस मोकळा फिरला तर पकडणाऱ्या गाडीच्या दृष्टीने तोही भटकाच. गाडीत चढवताना चिप तपासली जाईलच याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून गळ्यातली पाटी आधी; पण नसबंदी केंद्रावर जाऊन ‘हा माझा कुत्रा’ असे सांगताना आपल्या हातात फोटोंपेक्षा भक्कम काहीतरी असावे, म्हणून चिप. सुदामानगरातली माणसे सज्जन होती, त्यांना फोटो पुरले. समोरचा हटून बसला तर पुस्तिकेत चिकटवलेला क्रमांक, तोच क्रमांक दाखवणारा स्कॅनर आणि आपल्या नावची नोंद हे तिन्ही एकत्र मांडल्यावर वाद फार लांबत नाही. महापालिकेत कुत्र्याची नोंद करून मिळणारा परवाना किंवा बिल्ला ही याहून वेगळी बाब आहे. चिप बसवली म्हणजे ती नोंद झाली असे नव्हे, तीही करून घ्यावी.

अघोरीपणाविषयी. सुई लशीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, हे मी लपवणार नाही. तिचे तोंड पाहून मालकच आधी तोंड फिरवतात. डॉक्टर दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून तिचा तंबू करतात, सुई तिरकी आत जाते, दट्ट्या दाबला की काम संपते. हे सगळे लस टोचायला लागतो तेवढ्याच वेळात. काही कुत्री कुंई करतात, पुष्कळ कुत्र्यांना समोर धरलेल्या बिस्किटापुढे ते कळतही नाही. भूल लागत नाही. सात वर्षांचे वय अजिबात जास्त नाही. रक्ताचा एखादा थेंब येतो. क्वचित त्या जागी सूज किंवा संसर्ग होतो, आणि क्वचित पहिल्या काही दिवसांत चिप त्याच छिद्रातून बाहेर पडते, म्हणून दोन-तीन दिवस आंघोळ घालू नये आणि ती जागा चोळू नये. काही कुत्र्यांत चिप हळूहळू सरकून खांद्याच्या बाजूला किंवा कोपराकडे उतरते. त्यामुळे अपाय होत नाही, फक्त वाचणाऱ्याने स्कॅनर मानेपासून दोन्ही पुढच्या पायांपर्यंत नागमोडी आणि सावकाश फिरवावा लागतो. चिपच्या जागी गाठ झाल्याची उदाहरणे कुत्र्या-मांजरांत नोंदली गेली आहेत, पण ती इतकी विरळ आहेत की त्या भीतीने चिप टाळावी असे मला वाटत नाही. तिथे गाठ हाताला लागली तर दाखवून घ्यावी, जशी इतर कुठलीही दाखवाल तशीच.

एक अट मात्र मी घालीन. ज्या दवाखान्यात स्कॅनर नाही, तिथे चिप बसवू नये. बसवण्याआधी स्कॅनर फिरवून आधीची एखादी चिप नाही ना हे पाहायचे असते (विकत घेतलेल्या जातिवंत पिल्लांत ती पुष्कळदा निघते), नवी चिप सुईत भरण्याआधी वाचून तिचा क्रमांक स्टिकरशी जुळवायचा असतो, आणि बसवल्यावर पुन्हा एकदा वाचायचा असतो. हे तीन वेळचे वाचन ज्याच्याकडे होत नाही, त्याच्याकडे काम अंदाजाने होते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे स्कॅनर नसेल तर त्यांनाच विचारावे की शहरात तो कोणाकडे आहे. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आपल्यापासून काही फार दूर नाही.

जर्मनीबाबत मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि इथे डिसेंबरची तारीख महत्त्वाची ठरते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे चिप रेबीजच्या लशीच्या आधी, किंवा निदान त्याच दिवशी, बसवलेली असावी लागते. चिपच्या आधी दिलेली लस प्रवासासाठी धरतच नाहीत, कारण लस नेमक्या याच कुत्र्याला दिली याचा पुरावा त्यांच्या दृष्टीने चिपपासून सुरू होतो. त्यानंतर भारतातून जाणाऱ्या कुत्र्याची रक्ततपासणी लागते. लशीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेले रक्त युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जाते, त्यात रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यावे लागते, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबल्यावरच प्रवेश मिळतो. म्हणजे आज ठरवले तरी लस, रक्त आणि वाट पाहणे धरून चार महिने सहज जातात. शिवाय दिल्ली किंवा मुंबईच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) केंद्राचे निर्यात प्रमाणपत्र वेगळेच. डिसेंबरात लस आधी टोचून जानेवारीत चिप बसवली, तर मुलीकडे जाण्याच्या वेळी ती लस पुन्हा द्यावी लागेल. जाण्याचा बेत अजून पक्का नसला, तरी हा क्रम पाळायला वेगळा पैसा लागत नाही.

मनीसाठीही चिप बसवावी, आणि माझे मत विचाराल तर टिप्यापेक्षा तिलाच तिची गरज अधिक आहे. घराबाहेर न जाणारी मांजर बाहेर जाते ती रंगारी दार उघडे टाकून गेल्यावर, किंवा दिवाळीच्या सफाईत गच्चीचा दरवाजा लावायचा राहिला म्हणून. बाहेरची सवय नसल्यामुळे ती जवळच कुठेतरी दडून बसते, हाकेला ओ देत नाही, आणि दिसली तरी कोणी तिला हरवलेली समजत नाही. अमेरिकेतल्या त्याच अभ्यासात भरकटून आलेल्या एकूण मांजरांपैकी दोन टक्केही मालकाकडे परतली नव्हती, तर चिप असलेल्यांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक परतली. कुत्र्यांतला फरक सुमारे २२ आणि ५२ टक्के असा होता. मांजरीच्या गळ्यात पट्टा बांधायचा तर ओढ बसताच आपोआप सुटणाराच बांधावा, नाहीतर खिडकीच्या गजात किंवा झाडाच्या फांदीत अडकून फास बसतो. आणि सुटणारा पट्टा सुटतोच, त्यामुळे तिच्या बाबतीत पाटीवर फार विसंबता येत नाही. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ पासून चिप सक्तीची होती, मांजरांना ती जून २०२४ पासून झाली. आपल्या देशात दोघांसाठीही देशव्यापी सक्ती नाही.

राहिला नोंदणीतला फोन नंबर. मुलीचा जर्मनीतला नंबर पहिला देऊ नये. रात्री अकराला कुत्रा सापडलेला माणूस परदेशी क्रमांक पाहून फोन ठेवून देईल. पहिला आपला, दुसरा यजमानांचा, आणि नोंदवहीत जागा असेल तर तिसरा गल्लीतल्या एखाद्या विश्वासू शेजाऱ्याचा द्यावा. सिमकार्ड बदलले की बँकेत कळवतो तसे त्याच आठवड्यात तिथेही कळवावे.

डिसेंबरात टिप्याला नेताना यजमानांना बरोबर न्यावे, त्यांना दारात उभे राहू देऊ नये. चिप बसवून झाल्यावर आणि लस टोचण्याच्या आधी डॉक्टरांना सांगून स्कॅनर यजमानांच्याच हातात द्यावा. पडद्यावर उमटलेले पंधरा अंक त्यांनी मोठ्याने वाचावेत, आणि आपण पुस्तिकेतल्या स्टिकरवर बोट ठेवून एकेक ताडून पाहावा.